कोरड्या मैदानावरची शर्यत

मोटारसायकलच्या एजन्सीत मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. वडील गिरणीत विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, आणि त्या वर्षी आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी गिरणीत त्यांची पाळी बंद असायची. एजन्सीतला आधीचा टायपिस्ट भांडून निघून गेलाय, ही बातमी शेजारच्या तेलुगू काकूंनी आणली. वडील म्हणाले, तिथं सगळे पुरुष, वर तेल आणि धूर. आपल्या मुलीचं तिथं काय काम? पुढचा आठवडाभर गिरणी बंदच राहिली. मग त्यांनी स्वतःच मला सायकलवर डबलसीट बसवून दुकानापर्यंत सोडलं आणि आत न येता बाहेरूनच परत गेले.

पुढं काचेमागं दोन नव्या कोऱ्या गाड्या, मागं पत्र्याखाली वर्कशॉप, आणि मधल्या खोलीत माझं टेबल. मालक पन्नाशीचे होते. तरुणपणी ते स्वतः शर्यतीत गाडी चालवायचे. एका शर्यतीत पडून त्यांचा डावा पाय किंचित आखूड झाला होता. शर्यतींच्या गोष्टी ते तासन्‌तास सांगायचे, पण त्या पडण्याबद्दल कधी बोलले नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या चार मित्रांनी मिळून एक क्लब काढला होता. त्यात एक डॉक्टर होते, एक ठेकेदार होते. वर्षातून दोनदा होटगी रस्त्याकडच्या माळावर क्लब मोटारसायकलच्या शर्यती भरवायचा. हौस होतीच, पण धंदाही होता. ऊसवाले बागायतदार, दूध घालणारे, गावोगाव फिरणारे ग्रामसेवक ही आमची गिऱ्हाइकं. खड्ड्यातून उडालेली गाडी परत जमिनीवर येऊन तशीच पळते, हे त्यांनी रविवारी डोळ्यांनी पाहिलं, की सोमवारी ते दुकानात यायचे. गाड्या बनवणाऱ्या मुंबईच्या कंपनीलाही हे ठाऊक होतं. शर्यतीसाठी गाड्या आणि बक्षिसं तिकडूनच यायची.

पहिल्या वेळी मी फक्त प्रवेश अर्ज टाइप केले. अर्जाच्या खाली एक परिच्छेद असायचा: मी या शर्यतीत स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत असून अपघात झाल्यास आयोजकांकडे कसलीही मागणी करणार नाही. हा मजकूर मी इतक्या वेळा टाइप केला की कागदाकडे न बघता तो माझ्या बोटांना यायचा.

शर्यतीचं काम माझ्याकडं आलं ते दुसऱ्याच वेळी. पोलिसांची परवानगी आणायचं ठेकेदारांनी अंगावर घेतलं होतं आणि ते विसरले. शर्यतीच्या सकाळी फौजदार मैदानावर येऊन उभे राहिले. माळावर माणूस मावत नव्हता. मालक आणि डॉक्टर एकमेकांची तोंडं बघायला लागले. मी तीन आठवड्यांपूर्वीच खबरदारी म्हणून एक अर्ज कचेरीत देऊन आले होते आणि पोच घेतलेली प्रत माझ्या पिशवीत होती. ती घेऊन मी एजन्सीच्या शिपायाच्या गाडीवर मागं बसून कलेक्टर कचेरीत गेले. सुटीचा दिवस, तरी एका अव्वल कारकुनाला घरून बोलावून आणलं आणि सही-शिक्क्यासह दोन तासांत परत आले. त्या दिवसापासून कागद माझे झाले, मग वेळापत्रक माझं झालं, आणि वर्षभरात गाड्या सोडायचं निशाणही माझ्याच हातात आलं.

गाड्यांतलं मला काही कळत नव्हतं. ते मला वर्कशॉपच्या हेडमेस्त्रींनी शिकवलं. ते तिशीचे होते, केमजवळच्या एका गावचे. बायको, दोन मुली आणि आई गावाकडं असायची. ते शनिवारी पॅसेंजरनं जायचे आणि सोमवारी सकाळी थेट स्टेशनवरून कामावर यायचे. बोलणं कमी, आवाज खालचा. शर्यतीआधी गाड्यांची तपासणी करायची असते, ती मी यादीवर खुणा करत करायचे. एकदा त्यांनी माझ्या हातातली यादी बाजूला ठेवली.

“कागद बघून गाडी कळत न्हाय बाई. हात लावून बघा.”

मग त्यांनी मला पान्यानं चाकाची तार वाजवून दाखवली. घट्ट तार कशी वाजते, सैल तार कशी बदबद करते. साखळी किती ढिली चालते, ब्रेकचा दांडा किती दाबला जायला हवा, हे सगळं त्यांनी माझ्या बोटांना शिकवलं. लहान गाड्यांच्या गटात बहुतेक वेळा तेच पहिले यायचे. बक्षीस घेऊन खाली उतरले की कपडे बदलायचे आणि दुसऱ्या कुणाची तरी बंद पडलेली गाडी उघडून बसायचे. उन्हाळ्यात गावाकडून पोतंभर वाळकं, म्हणजे गावरान काकड्या, आणायचे आणि सगळ्यांच्या टेबलांवर दोन-दोन ठेवून जायचे.

घरी मात्र माझ्या नोकरीचा विषय निघाला की ताटं लवकर उचलली जायची. एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलाचे मामा शर्यत बघायला आले होते. हातात निशाण घेऊन शंभर पुरुषांत उभी राहिलेली मुलगी त्यांनी पाहिली आणि निरोप आला की पत्रिका जुळत नाही. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, पण जितकं वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही. छापलेल्या वेळेला, मिनिटाचाही उशीर न होता मी निशाण खाली केलं आणि दहा गाड्या एकदम सुटल्या, की मला जे वाटायचं ते दुसऱ्या कशात वाटलं नव्हतं.

मुंबईहून आलेल्या कंपनीच्या साहेबांना हे वेळेवर सुटणं फार आवडलं. त्यांनी मालकांना पत्र लिहिलं, आणि माझ्या टेबलावर ‘स्पर्धा व्यवस्थापक’ अशी पाटी आली. सांगली, उस्मानाबाद, विजापूर, जिथं कंपनीच्या शर्यती असतील तिथं मला पाठवू लागले. विजापुरात एका एजन्सीवाल्यानं मला व्यवस्थापकांची बायको समजून आत चहाला बसवलं आणि तो दारात व्यवस्थापकांची वाट बघत उभा राहिला.

मग दुष्काळ आला. पहिलं वर्ष लोकांनी कसंबसं काढलं, दुसऱ्या वर्षी काहीच उरलं नाही. शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. गावं रिकामी झाली आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडायची कामं निघाली. आमच्या माळासमोर, रस्त्याच्या पलीकडंच असं एक काम होतं. शे-दीडशे माणसं, बायाच जास्त, दिवसभर उन्हात बसून दगड फोडायच्या. हातोड्यांचा आवाज मैदानावर ऐकू यायचा.

त्या फाल्गुनात शर्यत घ्यायची की नाही, यावर क्लबची बैठक झाली. मी म्हणाले, यंदा राहू द्या. मालक म्हणाले, कंपनीचं नवं मॉडेल येतंय, मुंबई-पुण्याहून पाहुणे येणार, तारीख गेली तर शर्यत दुसऱ्या शहराला जाईल. मी पुढं ताणून धरलं नाही. या शर्यतीनंतर मला कंपनीच्या पुण्याच्या विभागीय कार्यालयात घ्यायचं बोलणं चाललं होतं, आणि ते मला माहीत होतं. हे मी आज लिहिते, त्या वेळी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

मातीच्या मैदानावर शर्यत घ्यायची तर माती आधी भिजवावी लागते. आदल्या संध्याकाळी एकदा आणि त्या सकाळी एकदा. माती दबते, धूळ उडत नाही, मागच्या चालकाला पुढचं दिसतं. कंपनीच्या नियमांत हे लिहिलेलं होतं आणि ते नियम मराठीत मीच उतरवले होते. एरवी आम्ही वळणावर कडब्याच्या पेंढ्या रचायचो, म्हणजे पडणाऱ्याला मार कमी बसतो. त्या वर्षी कडबा जनावरांना मिळत नव्हता, तो मैदानावर कोण रचू देणार? म्हणून जुने टायर आणि वाळूची पोती लावली. पाण्यासाठी ठेकेदारांनी कुणाच्या तरी खासगी विहिरीवरून दोन टँकर ठरवले होते.

संध्याकाळच्या टँकरचं पाणी जमिनीनं असं प्यायलं की अर्ध्या तासात ओलीचा डागही राहिला नाही. मी मेस्त्रींकडं पाहिलं. ते म्हणाले, सकाळचं पाणी दाबून मारलं तर दुपारपर्यंत निभेल.

सकाळी आठला दुसरा टँकर आला. तो मैदानात वळेपर्यंत रस्त्यापलीकडच्या बाया उठल्या होत्या. कुणाकडं घागर, कुणाकडं डालड्याचा डबा. आरडाओरडा काही नव्हता. त्या नुसत्या टँकरभोवती येऊन उभ्या राहिल्या. एक म्हातारी पुढं झाली आणि तिनं टँकरच्या नळावर हात ठेवला. खडी फोडून बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. ड्रायव्हर माझ्याकडं बघायला लागला. मैदानावर मीच अधिकारी होते.

मी त्याला नळ सोडायला सांगितलं.

पुढं कित्येकांनी या गोष्टीसाठी माझं कौतुक केलं. पण त्या क्षणी ते सोपं होतं. पाणी माझ्या घरचं नव्हतं, विहीर माझी नव्हती. हंड्यात पाणी पडायचा आवाज ऐकून मला बरंही वाटलं. टँकर रिकामा व्हायला अर्धा तास लागला.

मालक लंगडत आले. बाया अजून रांगेत होत्या, म्हणून ते हळू आवाजात बोलले. आता धुळीचं काय करणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, कालचं पाणी आहे, सकाळचा वारा नाही, निभेल.

“निशाण तुझ्या हातात आहे,” ते म्हणाले. “तू बघ.” आणि ते पाहुण्यांच्या मांडवाकडं निघून गेले.

सुरुवातीच्या फेऱ्या झाल्या. धूळ होती, पण बसत होती. अकरानंतर वारा उठला. सोलापूरचा तो वारा, कोरडा, भट्टीतून आल्यासारखा. लोक तोंडाला फडकी बांधून बसले. कर्ण्यावरून बोलताना माझ्या दातांत माती कचकचत होती. शेवटची शर्यत तेवढी राहिली होती, नव्या मॉडेलची, आठ चालकांची. मेस्त्री त्यात होते. ते हेल्मेट काखेत धरून माझ्याकडं आले.

“चौथ्या वळणाला काय बी दिसत न्हाय, बाई. पुढं असलेल्याचं ठीक हाय. मागच्यानं काय करायचं? पाणी मारा थोडं.”

मी म्हणाले, पाणी नाही.

“मग थांबा की जरा.”

किती वेळ, असं मी विचारलं. त्यांनी खांदे उचलले. वारा किती वेळ राहणार हे त्यांना कुठून ठाऊक असणार? मी मांडवाकडं पाहिलं. मुंबईचे साहेब घड्याळ बघत होते. त्यांची आगगाडी तीनची होती. लोकांनी शिट्ट्या सुरू केल्या होत्या. मी कर्ण्यावरून सांगितलं की पाच मिनिटं थांबू. पाच मिनिटांनी वारा खरंच पडला. मी दुरून चौथ्या वळणाकडं पाहिलं. तिथला निशाणवाला दिसत होता. आणखी दहा मिनिटं थांबले असते तर वारा पुन्हा उठताना दिसला असता. मेस्त्रींनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि हेल्मेट घातलं. शर्यतीतून उतरले नाहीत. ते एजन्सीचे नोकर होते आणि गाडी एजन्सीची होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मी निशाण खाली केलं.

पहिल्या दोन फेऱ्या ते पुढं होते. तिसरीत कोल्हापूरच्या एका चालकानं त्यांना मागं टाकलं आणि ते त्याच्या धुळीत गेले. तेवढ्यात वारा पुन्हा आला. माझ्या जागेवरून चौथं वळण म्हणजे नुसती तांबूस भिंत झाली होती. आतून आवाज येत होते. एका इंजिनाचा आवाज एकदम उंच चढला आणि तुटला. मग लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज, एकामागून एक. वळणावरचा निशाणवाला धोक्याचं पिवळं निशाण हलवत होता, असं त्यानं नंतर सांगितलं. ते कुणालाच दिसलं नाही, मलाही नाही. धुळीतून गाड्या बाहेर यायला लागल्या तेव्हा मी मोजल्या. पाच आल्या. मी लाल निशाण उचललं, पण तोवर त्या पाचही माझ्यासमोरून निघून गेल्या होत्या.

मेस्त्री वळणावर घसरले होते. ते उठून बसले होते, असं कुणी म्हणालं. मागच्या दोघांना ते दिसले नाहीत. त्या दोघांपैकी एकाचा हात मोडला, दुसऱ्याला खरचटलं. मेस्त्रींना डॉक्टरांनी एजन्सीच्या जीपमध्ये घातलं आणि दवाखान्याकडं नेलं. मी मैदान सोडू शकत नव्हते, किंवा तसं मला वाटलं. तासाभरानं जीप परत आली. ड्रायव्हर आमच्याकडं दहा वर्षं होता, मेस्त्रींच्या बरोबरीनं लागलेला. तो मालकांकडं गेला नाही, सरळ माझ्याकडं आला.

“बाई, उनो गुजर गये,” तो म्हणाला. “रस्ते मेंच.”

एवढं सांगून तो जीपच्या पायरीवर बसला आणि त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

बक्षीस समारंभ झाला. थोडक्यात करू, असं ठरलं. पाहुण्यांना परत जायचं होतं, ढाली टेबलावर मांडलेल्या होत्या. दोन मिनिटं सगळे उभे राहिले आणि मग मी कर्ण्यावरून विजेत्यांची नावं वाचली. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला.

मेस्त्रींना त्याच दुपारी ट्रकनं गावी नेलं. मालक गेले, वर्कशॉपमधले सगळे गेले. मी गेले नाही. बाई माणूस ट्रकमध्ये कुठं येणार, असं कुणीतरी म्हणालं आणि मी तो आधार पकडला.

मंगळवारी अहवाल लिहायचा होता. मालकांच्या खोलीत डॉक्टर आणि ठेकेदार बसले होते. मालक सांगत होते, मी टाइप करत होते. मैदानावर नियमाप्रमाणे दोन वेळा पाणी मारण्यात आले होते. हवामान अनुकूल होते. चालकाने वळणावर वेग आवरला नाही. प्रत्येक वाक्यानंतर मालक थांबायचे. मी मान वर करीन, काही म्हणेन, याची ते वाट बघत असावेत, असं मला आता वाटतं. मी मान वर केली नाही. खाली सही माझीच हवी होती, कारण व्यवस्थापक मी होते. मी सही केली.

महिन्याभरात पुण्याचा हुकूम आला.

जाण्याआधी वर्कशॉपमधली मेस्त्रींची पत्र्याची पेटी गावी पोचवायची होती. त्यात त्यांचे स्वतःचे पाने होते, एक स्वेटर होता, दाढीचं सामान होतं. मालक म्हणाले, शिपायाबरोबर पाठवू. मी म्हणाले, मी जाते. सकाळच्या गाडीनं केमला उतरले आणि तिथून बैलगाडीनं त्यांच्या गावाला. घरी फक्त म्हातारी आई होती. सून कामावर गेलीय, म्हणाली. काम म्हणजे तेच, खडीचं. मी पेटी तिथं ठेवली आणि चालत कामावर गेले.

ती माझ्याहून फार मोठी नसावी. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, मांडीजवळ धाकटी मुलगी झोपलेली. मी शहरातून, एजन्सीतून आले म्हटल्यावर तिनं हातोडा खाली ठेवला आणि मला बाभळीखाली घेऊन गेली. रडली नाही. पेटीचं सांगितलं तर मान हलवली. मग म्हणाली:

“तितं काय झालं त्ये मला कुणी नीट सांगितलं न्हाय. मालक म्हणले, येग आवरला न्हाय. त्यांना येग आवरत नव्हता व्हय?”

मी तिला सगळं सांगितलं. टँकर, बाया, म्हातारीचा हात, वारा, मेस्त्री येऊन काय म्हणाले ते, माझी पाच मिनिटं. अहवालाचंही सांगितलं. पाण्याचं सांगताना मी जरा सविस्तर सांगितलं, हे माझं मलाच जाणवलं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. दुरून मुकादम हाका मारत होता, तिकडं तिनं पाहिलं नाही.

“पाणी बायांना दिलं, त्ये बरं केलं,” ती म्हणाली. “मग गाड्या कशाला सोडल्या?”

मी म्हणाले, लोक जमले होते. पाहुणे आले होते.

“लोक घरी गेले असते की.”

महिनाभर मी स्वतःला एकच हिशोब घातला होता: तहानलेल्या बाया एकीकडं, मैदान दुसरीकडं, आणि मधे मी. त्या हिशोबात माझी काही चूक निघत नव्हती. तिला तो मांडायचा नव्हताच. पाणी द्यायचं आणि शर्यत घ्यायची नाही, इतकं सरळ ते होतं, आणि तिला ते ऐकता ऐकता कळलं होतं.

निघताना ती पांदीच्या वाटेपर्यंत आली. म्हणाली, “आता यिऊ नका. गाड्या तुमी सोडल्या व्हत्या, त्ये मी घरी आत्याबाईला सांगणार न्हाय.”

सोलापुरात आल्यावर मी दुसरा अहवाल लिहिला. काय घडलं ते जसंच्या तसं. एक प्रत क्लबला, एक मुंबईला. मालकांनी मला बोलावलं. ते रागावले नाहीत. अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, पहिल्यावरही तुझीच सही आहे, दोन्हींतला खोटा कुठला असं कंपनीनं विचारलं तर काय सांगशील? मी म्हणाले, पहिला. त्यांनी मान हलवली. त्या दिवसानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलले. बाकी शर्यतींच्या गोष्टी बंद झाल्या.

मुंबईहून काहीच आलं नाही, खुलासा नाही आणि ठपकाही नाही. पुण्याची बदली रद्द होईल अशी मी वाट बघत होते. ती झाली नाही. तिथं रुजू झाले तेव्हा विभागीय साहेब समजुतीच्या स्वरात म्हणाले की भावनेच्या भरात लिहिलेली पत्रं आम्ही रेकॉर्डला लावत नाही, तुम्ही निश्चिंत राहा. तिथंच राजीनामा द्यायला हवा होता. पण वडिलांची गिरणी त्या महिन्यात पुरती बंद पडली होती, आणि खरं सांगायचं तर मला ती खुर्ची हवी होती. मी बसले.

क्लबनं मेस्त्रींच्या बायकोला एका समारंभात शिलाई मशीन द्यायचं ठरवलं. ती आली नाही. मशीन ट्रकनं पाठवलं, असं मला जीपच्या ड्रायव्हरनं कळवलं. पुढं तिचं काय झालं, मशीन तिनं चालवलं की नाही, हे मला कधी समजलं नाही. तिनं येऊ नका म्हटलं होतं, ते मी पाळलं. त्यातही माझी सोय किती होती, कुणास ठाऊक.

पुढं पेट्रोलचे भाव चढले आणि दोन वर्षं शर्यती जवळजवळ थांबल्याच. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा सगळ्या विभागाचं काम माझ्याकडं होतं. खेळ थांबवणारी बाई, असं चालक माझ्या मागं म्हणायचे. तपासणीत थोडं जरी कमी दिसलं तरी मी गाडी बाहेर काढायचे. पाणी मारलेलं स्वतः हातानं चाचपल्याशिवाय निशाण उचलत नसे. माझा धाक बसला. तो धाक मला कुणाच्या जिवावर मिळाला होता, ते नव्या लोकांना ठाऊक नव्हतं.

माझी शेवटची शर्यत बार्शीकडच्या एका मैदानावर झाली, किंवा झाली नाही. गर्दी फार होती. लोक दोर ओलांडून पुढं सरकत सरकत वळणाच्या आतच येऊन बसले. मी कर्ण्यावरून सांगत होते, मागं व्हा, मागं झाल्याशिवाय गाड्या सुटणार नाहीत. पुढचे मागं व्हायचे आणि मागचे त्यांना पुन्हा ढकलायचे. चालक इंजिनं चालू ठेवून बसले होते, मग त्यांनी ती बंद केली. एक तास गेला, दुसरा गेला. कंपनीचे लोक माझ्या कानाशी लागले. मी निशाण गुंडाळून ठेवलं आणि शर्यत रद्द झाली असं जाहीर केलं.

पहिला दगड मांडवावर पडला. मग मांडवच खाली आला. खुर्च्या मोडल्या, एक गाडी आडवी करून पेटवली. पहिल्या वळणावर निशाण घेऊन उभे असलेले एक शाळामास्तर होते, दरवर्षी हौसेनं यायचे. त्यांच्या डोक्यात वीट बसली. डाव्या डोळ्याची नजर गेली.

आठवड्यानं मी त्यांना भेटायला गेले. पट्टी बांधून ते कॉटवर बसले होते. बायकोनं चहा आणला. मी क्षमा मागितली. ते शांतपणे म्हणाले, “बाई, तुम्ही गाड्या सोडल्या असत्या ना, तर हे झालं नसतं. लोक आपोआप मागं झाले असते.”

झाले असते की नसते, हे मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. मी चहा संपवला आणि उठले.

त्यानंतर कंपनीनं माझी बदली सुट्या भागांच्या खात्यात केली. पगार तोच, हुद्दाही तोच राहिला. दिवसभर कप्पे, क्रमांक, मागणीपत्रं. एजन्सीवाल्यांना क्लचच्या तारा आणि पिस्टनच्या कड्या वेळेवर जातात की नाही, एवढंच बघायचं. निवृत्त होईपर्यंत मी तिथंच होते. शर्यतींचं काम माझ्यानंतर एका तरुण साहेबांकडं गेलं. त्यांनी सुरुवातीला दोन-तीनदा फोन करून काही गोष्टी विचारल्या. मला ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. मग त्यांना विचारायची गरज पडेनाशी झाली.